थांबून ऐकणारे संभाषण: ज्येष्ठ मित्रमंडळींच्या गप्पांसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

आम्ही अकरा जण आहोत. सर्वांत लहान मैत्रीण ६६ वर्षांची आहे आणि सर्वांत ज्येष्ठ मित्र ८१ वर्षांचे आहेत. नोकरीच्या काळात आम्ही एका छताखाली बसत होतो. निवृत्तीनंतर प्रत्येक जण आपापल्या मुलांच्या किंवा सोयीच्या ठिकाणी गेला आणि रोजची भेट संपली. गेली सात वर्षे आमचे रोजचे बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका ग्रुपवर चालते. २००९ साली सुरू झालेल्या या अ‍ॅपविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्यात कामकाजाच्या सोयीचा विचार अधिक असतो. वय झालेल्या मित्रमैत्रिणींच्या रोजच्या, काही काम नसलेल्या गप्पांसाठी हे साधन कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नापुरते मी हे परीक्षण लिहीत आहे. माझे उत्तर असे आहे की, ते उत्तम उपयोगी पडते, आणि त्याचे कारण त्याचा वेग हे नसून त्यावरचे बोलणे आपल्यासाठी थांबून राहते, हे आहे.

हे थांबणे किती मोलाचे आहे, हे ज्यांचे कान अजून तीक्ष्ण आहेत त्यांना सहज कळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठी ओलांडलेल्या लोकांपैकी २५ टक्क्यांहून अधिक लोकांना दैनंदिन व्यवहारात अडचण यावी इतका श्रवणदोष असतो. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. त्यामुळे माणसाला कोणीतरी बोलत आहे हे नीट कळते, पण काय बोलत आहे ते कळत नाही. चारचौघे एकदम बोलू लागले, की ही अडचण दुपटीने वाढते. आमचे ८१ वर्षांचे मित्र प्रत्यक्ष भेटींत शेवटी शेवटी गप्प बसू लागले होते. सगळे हसले की तेही हसत, पण काही क्षण उशिराने. त्यांना काही विचारले, तर ते भलत्याच विषयावर उत्तर देत आणि समोरच्याचा चेहरा पाहून ओशाळत. जो माणूस आमच्या कार्यालयात कोणत्याही विषयावर अर्धा तास रंगून बोलत असे, तो असा बाजूला पडत गेला, याचे आम्हां सर्वांना वाईट वाटे. पण त्यावर उपाय सुचत नव्हता.

उपाय सापडला तो व्हॉइस मेसेजच्या रूपाने. ही सोय अ‍ॅपमध्ये २०१३ पासून आहे, परंतु आमच्या ग्रुपवर तिचा वापर सुरू व्हायला बराच काळ जावा लागला, कारण स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवणे आम्हांला आधी संकोचाचे वाटत होते. एका मैत्रिणीच्या बोटांना संधिवाताचा त्रास सुरू झाला आणि टाइप करणे तिला अशक्य होऊ लागले, तेव्हा तिने पहिला व्हॉइस मेसेज पाठवला. तो जेमतेम दीड मिनिटाचा असेल. “ऐकताय ना सगळे? आज बोटं वळत नाहीत, म्हणून तोंडानेच बोलते,” अशी त्याची सुरुवात होती. त्यानंतर तिने खिडकीबाहेरच्या झाडावर दोन दिवस बसून असलेल्या एका पक्ष्याबद्दल सांगितले, मध्येच प्रेशर कमी झालेल्या नळाचा आवाज आला, ती थांबली, आणि पुन्हा पक्ष्याकडे वळली. आमच्या ज्येष्ठ मित्रांनी तो संदेश कानातल्या यंत्राला फोन जोडून, आवाज वाढवून, तीन वेळा ऐकला आणि त्या पक्ष्याच्या शेपटीविषयी तिला नेमका प्रश्न विचारला. कित्येक महिन्यांत त्यांनी विषयाला धरून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

पुन्हा ऐकता येणे ही साधी गोष्ट आहे, परंतु समोरासमोरच्या बोलण्यात ती मिळत नाही. “काय म्हणालात?” असे माणूस एकदा विचारतो, दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा मात्र ऐकू आल्यासारखी मान हलवतो. इथे तिसऱ्यांदा, चौथ्यांदा ऐकले तरी कोणाला कळत नाही आणि कोणाचा खोळंबा होत नाही. २०२२ मध्ये या सोयीत ज्या सुधारणा झाल्या, त्याही वयस्कांच्या फार उपयोगाच्या आहेत. बोलता बोलता ध्वनिमुद्रण थांबवून पुन्हा पुढे चालू ठेवता येते, पाठवण्यापूर्वी आपले बोलणे ऐकून पाहता येते, आणि ऐकताना मध्येच थांबल्यास पुढच्या वेळी तिथूनच ऐकता येते. ज्यांना बोलता बोलता शब्द आठवत नाही, त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण थांबवण्याची सोय मोठा आधार आहे: शब्द आठवेपर्यंत थांबावे, आठवला की पुढे बोलावे, ऐकणाऱ्याला मधली शोधाशोध जाणवतही नाही. एक उणीव मात्र स्पष्ट नोंदवली पाहिजे. संदेश दीडपट आणि दुप्पट वेगाने ऐकता येतो. मी वापरते त्या आवृत्तीत तो संथ करण्याची सोय नाही. घाईत असलेल्यांचा विचार झाला आहे, सावकाश ऐकणाऱ्यांचा व्हायचा आहे.

ग्रुप व्हिडिओ कॉल आम्ही मनापासून वापरून पाहिला. त्यात ३२ जणांना सहभागी होता येते, त्यामुळे अकरा जणांना तांत्रिक अडचण काहीच नाही. तरीही बोलणे जमले नाही. संभाषणात एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत किती अंतर असते, याचा १० भाषांतील तुलनात्मक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि ते अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, इतके थोडे आढळले होते. आवाज इंटरनेटवरून पोहोचायला लागणारा वेळच कधीकधी एवढा असतो. परिणामी दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात, “तुम्ही बोला”, “नाही, आधी तुम्ही” असे होते, आणि या धांदलीत ज्यांना मुळातच कमी ऐकू येते ते पूर्णपणे हरवतात. तीन-चार जणांचा कॉल मात्र चांगला होतो. चेहरे पाहावेसे वाटले की आम्ही तसे छोटे कॉल करतो, आणि सर्वांच्या गप्पा ग्रुपवरच ठेवतो.

लिहून बोलण्याविषयी थोडक्यात सांगते. संदेशावर बोट ठेवून उजवीकडे सरकवले, की त्या विशिष्ट संदेशाला उत्तर देता येते आणि मूळ संदेश उत्तराच्या वर दिसतो. ही एक कृती प्रत्येक ज्येष्ठ सभासदाला हाताला धरून शिकवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सकाळच्या प्रश्नाला संध्याकाळी “हो, बरोबर आहे” एवढेच उत्तर आले, तर ते कोणाला आणि कशाला, हे कोणालाच कळत नाही, आणि त्यातून गैरसमज झालेले मी पाहिले आहेत. व्हॉइस मेसेजमध्ये काय बोलले आहे हे वरून दिसत नाही, म्हणून आम्ही आरंभीच ज्याला उद्देशून बोलायचे त्याचे नाव घेण्याची पद्धत ठेवली आहे.

निळ्या टिकेबद्दल माझे मत सात वर्षांत पूर्ण बदलले. संदेश वाचल्याची ही खूण २०१४ मध्ये आली, आणि ती अनेकांना जाचक वाटते, कारण वाचूनही उत्तर दिले नाही हे समोरच्याला कळते. दोघांच्या खासगी बोलण्यात ती बंद ठेवता येते. ग्रुपमध्ये मात्र ती बंद होत नाही. ग्रुपवरच्या आपल्या संदेशावर बोट दाबून धरले आणि माहितीचा पर्याय उघडला, की कोणापर्यंत संदेश पोहोचला आहे आणि कोणी वाचला आहे, यांच्या दोन वेगळ्या याद्या दिसतात. आमच्यापैकी पाच जण एकटे राहतात. त्यामुळे सकाळी जो आधी उठतो तो एक वाक्य लिहितो आणि अकराच्या सुमारास वाचणाऱ्यांची यादी पाहतो. एकदा त्या यादीत एका मित्राचे नाव नव्हते. दुपारी एक वाजेपर्यंतही आले नाही. फोन उचलला जात नव्हता, म्हणून शेजाऱ्यांना विनंती केली, तेव्हा ते तापाने गुंगीत पडलेले आढळले आणि त्यांना वेळेवर उपचार मिळाले. त्याआधी तीन-चार वेळा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला राहिल्याने आमची उगाच धावपळ झाली होती, परंतु त्याबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही. आम्ही एक गोष्ट मात्र ठरवून घेतली: वाचले एवढे पुरे, उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. या एका वाक्याने त्या खुणेचा जाच संपला.

फॉरवर्ड संदेशांनी अनेक चांगले ग्रुप मोडले आहेत. बऱ्याच हातांतून फिरून आलेल्या संदेशावर दुहेरी बाण दिसतो, आणि एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, हा निर्बंध योग्यच आहे. आमचा नियम त्याहून कडक आहे: ग्रुपवर फक्त स्वतःचे शब्द, स्वतःचा आवाज आणि स्वतः काढलेले छायाचित्र. आरंभी दोन सभासद यावर रुसले होते. त्यांपैकी एक आता रोज चार ओळी स्वतः लिहितात, आणि त्या ओळींची आम्ही वाट पाहतो.

फसवणुकीचा एक प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्या एका मैत्रिणीला ओळखीच्या नावाने संदेश आला, “चुकून तुमच्याकडे सहा अंकी कोड गेला आहे, तो पाठवा,” आणि तिने विश्वासाने तो पाठवला. तो तिच्याच खात्याच्या नोंदणीचा कोड होता. काही मिनिटांत तिचे खाते दुसऱ्याच्या ताब्यात गेले आणि ग्रुपवर तिच्या नावाने तातडीने पैसे मागितले जाऊ लागले. भाषा अगदी शुद्ध होती, पण ती कधीच अशी लिहीत नसे. एका मित्राने लगेच लिहिले, “आवाजात सांगा.” समोरून काहीच आले नाही. त्या दिवशी कोणाचे नुकसान झाले नाही, याचे श्रेय मी व्हॉइस मेसेजच्या आमच्या सवयीला देते. आता आवाजाचीही नक्कल करता येते, म्हणून आम्ही एक खूणप्रश्नही ठरवून ठेवला आहे, ज्याचे उत्तर केवळ अकरा जणांना ठाऊक आहे. शिवाय अ‍ॅपच्या सेटिंग्जमधील द्विस्तरीय पडताळणीचा, म्हणजे नोंदणीच्या कोडाखेरीज लागणारा आणि आपणच ठरवलेला, सहा अंकी पिन प्रत्येकाने सुरू केला आहे. ही सोय २०१७ पासून उपलब्ध आहे आणि ती सुरू करायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

बॅकअपच्या बाबतीतही काळजी घ्यावी. माझा फोन बदलताना दुकानातील मुलाने जुन्या फोनमधील संदेश परत न आणताच अ‍ॅप नव्याने सुरू करून दिले आणि चार वर्षांचे बोलणे माझ्या फोनवरून गेले. अँड्रॉइड फोनवरील बॅकअप गूगल खात्यात आणि आयफोनवरील आयक्लाउडवर जातो, आणि एकावरचा बॅकअप दुसऱ्यावर थेट उघडता येत नाही. त्यासाठी दोन्ही फोन जवळ ठेवून संदेश हलवावे लागतात. बॅकअपला पासवर्ड लावला असेल, तर तो विश्वासू माणसाजवळ लिहून ठेवावा, कारण तो विसरल्यास बॅकअप कोणालाही उघडता येत नाही.

बोटांच्या दुखण्यामुळे पहिला व्हॉइस मेसेज पाठवणारी आमची मैत्रीण दीड वर्षापूर्वी गेली. तिचे नाव ग्रुपवर तसेच ठेवावे, असे न बोलताच सर्वांनी ठरवले होते. कोणाला तरी तिच्या बोलण्याची आठवण येई, आणि तो तिच्याच जुन्या संदेशाला उत्तर देऊन आपले बोलणे पुढे नेई. चार महिन्यांनी एका सकाळी ग्रुपवर करड्या अक्षरांतली ओळ दिसली, की तिने ग्रुप सोडला आहे. आमचे ज्येष्ठ मित्र ती ओळ वाचून हादरले आणि त्यांनी मला फोन करून, “हे कोणी केले?” असे विचारले. ते कोणीच केले नव्हते. वापर न झालेले खाते साधारणपणे १२० दिवसांनी बंद होते, आणि तसे ते बंद झाले की ग्रुपमधूनही नाव जाते. नियम समजण्यासारखा आहे. पडून राहिलेला क्रमांक पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, म्हणून तो असायलाही हवा. पण ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये हे आज ना उद्या घडणार आहे, आणि ते आधी ठाऊक असले, तर ती ओळ अचानक समोर येऊन धक्का बसणार नाही.

नाव गेले, तरी तिचे संदेश आमच्या फोनवर आहेत. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आमची ६६ वर्षांची मैत्रीण ग्रुपच्या सेटिंग्जमधून संभाषण आवाजासह निर्यात करते आणि त्याच्या दोन प्रती ठेवते, एक संगणकावर आणि एक वेगळ्या पेनड्राइव्हवर. ते काम झाले की ती ग्रुपवर ‘ठेवले’ एवढा एकच शब्द लिहिते.