तासातल्या तासात चाचणी: कहूट, प्लिकर्स की गूगल फॉर्म?

धडा संपवून «समजले का?» असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात «हो» म्हणतो, आणि त्या होकारात किती दम होता हे घटक चाचणीचे पेपर तपासतानाच कळते. प्रत्येक मुलाचे उत्तर तासातच हाती यावे म्हणून कहूट, प्लिकर्स आणि गूगल फॉर्म ही तीन साधने आपल्याकडे बरीच वापरली जातात. त्यांतून निवड करताना सोयींची यादी वाचण्याआधी आपल्या वर्गात चालू स्थितीतली उपकरणे किती आहेत, हे मोजावे.

नॉर्वेत तयार होऊन 2013 मध्ये आलेले कहूट हे तिघांत सर्वांत रंगतदार आहे. प्रश्न पडद्यावर येतो, मुले आपापल्या फोनवर रंगीत आकृती दाबतात आणि प्रत्येक प्रश्नानंतर गुणफलक झळकतो. मात्र त्यासाठी प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही, चांगले इंटरनेट आणि मुलांच्या हाती उपकरणे लागतात. गट पाडून एका फोनवर चार-पाच मुलांना खेळवता येते, पण मग उत्तर बहुधा गटातल्या हुशार मुलाचेच असते. लवकर दिलेल्या बरोबर उत्तराला जास्त गुण मिळत असल्यामुळे सावकाश वाचणारे मूल अंदाजाने बोट दाबते, आणि आपल्याला नेमके त्याचेच आकलन तपासायचे असते. वेळ वाढवता येतो हे खरे, तरी गुणफलकाची घाई मुलांच्या अंगातून जात नाही.

पस्तीस-चाळीस मुले आणि शिक्षकाचा एकच स्मार्टफोन अशी स्थिती असेल, तर माझा कौल निःसंशय प्लिकर्सला आहे. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची आठवण करून देणारी काळी-पांढरी कार्डे संकेतस्थळावरून घेऊन छापायची आणि हजेरीपटावरच्या क्रमांकाप्रमाणे वाटायची. कार्डाच्या चार बाजूंवर ए, बी, सी, डी ही अक्षरे असतात. उत्तराचे अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरले की शिक्षकाने प्लिकर्सचे ॲप उघडून फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी आणि अक्षरे बारीक असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड जाते. प्रश्न फळ्यावर लिहिला तरी चालते, त्यामुळे वीज गेली म्हणून तास अडत नाही.

एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, हा प्रश्न पाचवीच्या वर्गात विचारून पाहावा. तिनापेक्षा चार मोठे, या हिशेबाने एक चतुर्थांश निवडणारी मुले कोणती ते नावानिशी फोनवर दिसते, आणि पुढचे उदाहरण घ्यायचे की भाकरीचे तुकडे करून पुन्हा दाखवायचे, हे तिथेच ठरवता येते. व्यवहारातली एक अडचण मात्र आधीच सांगतो. कार्डे टिकावीत म्हणून चकचकीत लॅमिनेशन केले, तर खिडकीच्या उजेडाची तिरीप पडून कॅमेऱ्याला ती वाचता येत नाहीत. जाड कागद बरा. लहान मुलांचा अंगठा काळ्या भागावर येतो, म्हणून कार्ड कडेला धरण्याचा सराव एकदा करून घ्यावा लागतो. प्रश्न मात्र बहुपर्यायी किंवा चूक-बरोबर या स्वरूपाचेच विचारता येतात आणि मोफत योजनेत काही मर्यादा आहेत.

गूगल फॉर्म म्हणजे ऑनलाइन भरायची प्रश्नपत्रिका; तिची जागा वर्गापेक्षा घरच्या अभ्यासात अधिक आहे. यात लेखी उत्तरे घेता येतात, बहुपर्यायी प्रश्नांची तपासणी आपोआप होते आणि सगळे गुण तक्त्यात जमा होतात. संगणक कक्ष असलेल्या माध्यमिक शाळेला ते पुरेसे आहे. परंतु घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर फॉर्म रात्री नऊनंतर भरला जातो, आणि तो मुलानेच भरला याची खात्री देता येत नाही.

यांपैकी काहीच जमत नसेल, तर उत्तर पाटीवर लिहून सर्वांनी एकदम वर धरण्याची जुनी रीत आहेच. प्लिकर्सच्या तुलनेत तिच्यात एवढेच उणे की पाटी पुसल्यावर कोणाचे काय चुकले याची नोंद उरत नाही, आणि पालकसभेत दाखवायला ती नोंदच लागते.