सिंधी-उर्दू कागद वाचून देणारं दुकान, उल्हासनगर

पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेल्या शेजारच्या भाभींच्या, नागरिकत्व सुधारणा कायद्याखालच्या (सीएए) अर्जासाठी गोल मैदानाजवळच्या एका दुकानात जाणं झालं, त्याबद्दल लिहितेय. दुकानाचं नाव टाकत नाही. तिथे येणाऱ्या बऱ्याच गिऱ्हाइकांचे भाऊबंद अजून सिंधमध्ये आहेत, आणि मालकांनाही गवगवा नकोय. अर्जाला कुणा भारतीय नागरिकाचं, अर्जदाराच्या चारित्र्याची खात्री देणारं प्रतिज्ञापत्र लागतं. ते मी दिलं, म्हणून मीही सोबत.

दहा बाय दहाचा गाळा, एक स्कॅनर, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि सत्तरीचे काका. माझी सगळी नोकरी शाळेच्या कार्यालयात गेली, जनरल रजिस्टर आणि शाळा सोडल्याचे दाखले लिहिण्यात. त्यामुळे कागद हाताळणारा माणूस मी लगेच ओळखते. काकांनी भाभींची पिशवी टेबलावर ओतली नाही. एकेक कागद काढला, भिंगाखाली धरला, पाठमोरा केला, शिक्का पाहिला आणि मग बाजूला ठेवला. सिंधी अरबी लिपीत वाचणारी माणसं आता इथेही कमी उरलीत, तरुण मुलं तर देवनागरी किंवा थेट इंग्रजीच. काका हस्ताक्षरातलंही घडाघडा वाचतात. मुलीच्या नादराच्या (पाकिस्तानची नागरिक नोंदणी करणारी संस्था) बी-फॉर्मवर, म्हणजे मुलांच्या नोंदणीच्या दाखल्यावर, आणि तिथल्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल एकाने वेगळं होतं, ते त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत पकडलं. अपलोड केल्यावर हे निघालं असतं तर अर्ज लटकलाच असता.

या जन्मसालापायीच, म्हणजे मुलीच्या कोवळ्या वयापायीच, तर भाभींनी गाव सोडलं. घर घोटकी जिल्ह्यात. २०१२ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या मीरपूर माथेलोच्या एका हिंदू मुलीचं धर्मांतर आणि लग्न बळजबरीच्या आरोपामुळे गाजलं, प्रकरण इस्लामाबादच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यात ज्यांचं नाव आलं, त्या भरचुंडी शरीफ दर्ग्याच्या मियाँ मिठू या धर्मगुरूंवर ब्रिटनने निर्बंध लावायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. २०१२ मध्ये भाभींची मुलगी बारा वर्षांची. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, यात्रेच्या व्हिसावर सगळे हरिद्वारला आले ते परत गेले नाहीत.

काका स्कॅन करता करता हे सगळं सांगतात, न विचारता. सिंधमध्ये २०१३ च्या कायद्याने लग्नाचं वय मुलीलाही १८ केलंय. पण मुलगी कोर्टात उभी राहते तोवर तिच्या हातात धर्मांतराचं प्रमाणपत्र असतं आणि निकाहनामा असतो, आणि आईबापांनी आणलेला बी-फॉर्म बऱ्याचदा बाजूला पडतो. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये सिंध विधानसभेने एकमताने विधेयक मंजूर केलं होतं: अठराच्या आतलं धर्मांतर ग्राह्य नाही, मोठ्यांना विचार करायला २१ दिवस. धार्मिक पक्ष खवळले, राज्यपालांनी सही न करता ते परत पाठवलं, संपलं. २०२१ मध्ये पाकिस्तानच्या केंद्र सरकारच्या विधेयकालाही तिथल्या संसदीय समितीने असंच गुंडाळलं. कुणी राजीखुशीने धर्म बदलला, लग्न केलं, तर माझी काहीच हरकत नाही. तेरा वर्षांच्या पोरीची राजीखुशी कसली?

विवाहित बायकांचीही तीच गत. पाकिस्तानात हिंदू लग्नाची नोंद करणारा कायदा आला तो सिंधमध्ये २०१६ ला आणि बाकीकडे २०१७ ला. त्याआधी लग्न झालेल्या बाईकडे दाखवायला काय? भाभींकडे गावच्या पंचायतीचं एक पत्र आणि मांडवातला फोटो. काकांनी दोन्हीची फाइल वेगळी केली आणि त्यातलं कुठलं अर्जाला उपयोगी, कुठलं नुसतं जपून ठेवायचं, हे खुणा करून दिलं.

आता तक्रार. काकांचा आवाज मोठा आणि बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू जातं. त्यांनी भर दुकानात मुलीला विचारलं, "तुला न्यायला कुणी आलं होतं का?" झेरॉक्सला आलेली दोन पोरं वळून बघायला लागली. मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, हे अर्जात लिहायचंय का?" काका म्हणाले, नाही, छळाचा पुरावा अर्जाला लागत नाही. "मग राहू द्या." मी काकांना स्पष्ट सुनावलं. त्यांनी मुकाट्याने काचेचं दार ओढलं, पण हे आधीच सुचायला हवं होतं. बायकांसाठी आत वेगळी खुर्ची ठेवायला काय हरकत आहे? दुसरं म्हणजे स्कॅन केलेल्या फाइली कॉम्प्युटरवर तशाच पडून असतात. जाताना समोर उभं राहून पुसून घ्या. आम्ही घेतल्या.

दर वाजवी वाटले: अनुवाद पानाला चारशे, अर्ज भरून अपलोड करण्याचे दीड हजार, नोटरी वेगळी. याआधी एका एजंटने "सेटिंग"चे तीस हजार सांगितले होते. काका सेटिंग वगैरे बोलत नाहीत. ३१ डिसेंबर २०१४ नंतर आलेल्या एका कुटुंबाला त्यांनी आमच्यासमोर सांगितलं की तुमचं या कायद्यात बसत नाही, दीर्घ मुदतीचा व्हिसा सांभाळा. आणि त्यांच्याकडून एक पैसा घेतला नाही. पहलगामनंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानींचे व्हिसे रद्द झाले तेव्हा इथे उल्हासनगर कॅम्पात घबराट होती. आधी दिलेले हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसे चालू आहेत, हे परराष्ट्र मंत्रालयाचं पत्रक काकांनी छापून दारावर लावलं होतं, ते अजून तिथेच आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या दारासाठी.

दुपारी दोन ते चार बंद. पासपोर्टची मुदत संपली म्हणून घरी ठेवून जाऊ नका, संपलेलाही चालतो. जुने कागद लॅमिनेट करून नेऊ नका, स्कॅनमध्ये चमक येते आणि काका चिडतात.