५४,३९९ रुपये गेले, आणि बिघाड होता एका आकड्याचा

सोसायटीचा ताळेबंद ऑडिटरला पाठवायचा होता. मेल आउटबॉक्समध्येच अडकलेला, आउटलुक सारखं सांगत होतं 0x800CCC0E. तो आकडा तसाच गुगलला टाकला, सगळ्यात वर 'सपोर्ट'चा टोल फ्री नंबर आला, लावला. वर 'Sponsored', म्हणजे जाहिरात, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

माणूस हिंदीत अगदी अदबीनं बोलत होता. स्क्रीन दिसायचं अॅप घ्यायला लावलं, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवली. 'सर, व्हायरस.' त्या खुणा धडधाकट संगणकावरही असतात, हे मला कोण सांगणार? ४,९९९ अधिक जीएसटी, ५,८९९ भरले. मग म्हणाला, तेच अॅप मोबाईलवरही टाका.

इथेच फोन आपटायला हवा होता! मेल संगणकावरचा, मोबाईलचा काय संबंध? हे मनात आलं होतं, खरंच आलं होतं. पण ऑडिटरचे दोन फोन येऊन गेलेले, सभा चार दिवसांवर. टाकलं. स्क्रीन काळी झाली. 'स्कॅन चालू आहे, हात लावू नका.' मी हात बांधून बसलो आणि तो माझे ओटीपी वाचत होता.

४:५२ ला २९,५०० गेले. ५:१० ला बायकोच्या फोनवरून बँकेत तक्रार नोंदवली. नेट बंद करा, एवढंही तिथे कोणी सांगितलं नाही, नेटबँकिंगही थांबवलं नाही. ५:३४ ला आणखी १९,००० गेले.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लागेपर्यंत पाऊण तास गेला. पोलीस चौकीत 'ऑनलाइन टाका', ऑनलाइन टाकलं तर 'चौकीत चौकशी करा'. शाखेत साहेब म्हणाले, ओटीपी तुम्हीच दिला. मी कोणालाही ओटीपी सांगितलेला नाही! आणि रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे: चूक ग्राहकाची असली, तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणजे १९,००० त्यांचे. ते परिपत्रक साहेबांनी हातातसुद्धा घेतलं नाही. तक्रारीची वेळ आणि क्रमांक लिहून ठेवा, माझ्याकडे आज तेवढंच आहे.

भाच्यानं दहा मिनिटांत मेल सुरू केला. आठवड्यापूर्वी इंटरनेट कंपनी बदलली होती, नवी कंपनी पोर्ट २५, म्हणजे मेल ज्या क्रमांकाच्या वाटेनं बाहेर जातो ती वाट, अडवते. आउटलुकच्या सेटिंगमध्ये २५ च्या जागी ५८७ घातलं, मेल गेला.

बँकेत लेखी तक्रार देऊन बुधवारी तीस दिवस होतील. गुरुवारी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज टाकतोय, १९,००० साठी.