मॅनिंग की लीफ? 1998 चा ड्राफ्ट

1998 ला NFL या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये (टीम्स कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) पहिला पिक, म्हणजे पहिली निवड, इंडियानापोलिस कोल्ट्सकडे होता आणि क्वार्टरबॅक (पास फेकून टीमचा हल्ला चालवणारा) म्हणून पेटन मॅनिंग घ्यायचा की रायन लीफ यावरून तेव्हा खरंच दोन तट पडलेले. लीफचा हात दणकट, अंगाने धिप्पाड, वॉशिंग्टन स्टेट या कॉलेज टीमला रोझ बोल या मोठ्या सामन्यापर्यंत नेलेलं, त्यामुळे पुढे हाच जास्त मोठा होईल म्हणणारे बरेच. मॅनिंगच्या थ्रोला तेवढा जोर नव्हता, पण टेनेसी युनिव्हर्सिटीत पूर्ण चार वर्षं खेळलेला, समोरचा डिफेन्स वाचून स्नॅपच्या (चेंडू खेळात येण्याच्या) आधीच प्ले, म्हणजे ठरलेली चाल, बदलायचा, आणि माझ्या मते क्वार्टरबॅकमध्ये आधी हेच बघायचं असतं, हाताची ताकद नंतर.

कोल्ट्सनी मॅनिंग घेतला, लीफ दुसऱ्या नंबरवर सॅन डिएगो चार्जर्सकडे गेला.

आता बघा, पहिल्या सीझनला मॅनिंगचेही 28 इंटरसेप्शन (विरुद्ध टीमने पकडलेले पास) आणि टीम 3-13, म्हणजे 3 विजय, 13 पराभव! पण टचडाउन पासही (थेट गुण मिळवून देणारे) 26 होते ना. लीफचे टचडाउन 2, इंटरसेप्शन 15, आणि कॅन्सस सिटीविरुद्ध तर 15 पैकी 1 पास पूर्ण, तोही 4 यार्डांचा. त्यात पत्रकारावर लॉकर रूममध्ये खेकसला, चुका झाल्यावर डोकं शांत ठेवणं त्याला जमलंच नाही. मॅनिंगची टीम पुढच्याच वर्षी 13-3.