पंप नवीन म्हणून 38 हजार घेतले, बिघाड मात्र टाकीत होता

ज्यांच्याकडे जुनी डिझेल पिकअप आहे आणि ती मध्येच बंद पडून थोड्या वेळाने पुन्हा चालू होते, त्यांनी पंप बदलायला हो म्हणण्याआधी हे वाचावं. माझ्याकडून नव्या हायप्रेशर पंपाचे म्हणून 38 हजार रुपये घेतले गेले. पंप नवीन नव्हता, आणि तो बदलायची गरजही नव्हती.

माझी गाडी कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे हायप्रेशर पंप डिझेल एका सामाईक नळीत (रेलमध्ये) दाबाने भरतो आणि तिथून ते नोझलमधून इंजिनात फवारलं जातं. गाडी दहा वर्षांहून जुनी. ओतूर भागातून कल्याणच्या मार्केटला भाजीपाला नेतो. निघताना टाकी फुल करायची सवय आहे. भरलेली गाडी माळशेज उतरून कल्याणला पोचेपर्यंत कधीच कुरकुर करायची नाही. माल खाली करून परत येताना, टोकावडे सोडून घाट चढायला लागलं की दुखणं सुरू व्हायचं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढायची नाही, दोन-तीन झटके द्यायची, चेक लाईट लागायची आणि इंजिन बंद. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबायचा, मग सेल्फ मारला की गाडी चालू. पावसाळ्यात माळशेजला धुकं इतकं असतं की मागच्याला पुढची गाडी दिसत नाही. अशा ठिकाणी वळणावर गाडी उभी राहिली की जीव मुठीत धरून खाली उतरावं लागतं. म्हणून हे काम लवकर करून घ्यायचं होतं, आणि समोरच्याने तीच घाई ओळखली.

हायवेवरचं ते गॅरेज मोठं आहे, पाटी मोठी, स्कॅनर आहे. स्कॅनर लावला, त्यात पी 0087 हा कोड आला. लगेच निदान झालं, ‘पंप गेला.’ मग फिल्टर उघडून त्यातलं डिझेल एका पांढऱ्या फडक्यावर ओतलं आणि उन्हात धरून मला दाखवलं. फडक्यावर बारीक चकचकीत कण होते. ‘शेठ, पंप चुरा सोडतोय. आज बदलला नाही तर चारही नोझल खाऊन टाकेल, मग लाखाच्या घरात जाल.’ हे ऐकल्यावर ज्याचं पोट गाडीवर आहे तो माणूस दुसरं काय म्हणणार?

या दोन्ही गोष्टींचा खरा अर्थ नंतर मला एका जुन्या मेकॅनिकनी समजावला, तो इथे सविस्तर देतो, कारण याच दोन गोष्टींवर लोकांना घाबरवलं जातं.

पी 0087 म्हणजे रेलमधलं प्रेशर पाहिजे त्यापेक्षा कमी पडलं, एवढंच. का कमी पडलं ते कोड सांगत नाही. फिल्टर चोक झाला, लाईन एअर पकडतेय, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं, एखादं नोझल जास्त डिझेल रिटर्न टाकतंय (टाकीकडे परत सोडतंय), पंपावरच्या मीटरिंग व्हॉल्व्हचं (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणाऱ्या झडपेचं) कनेक्टर ढिलं आहे, किंवा खरोखर पंप झिजला आहे, यातल्या कशानेही तोच कोड येऊ शकतो. कोड वाचून थेट पंपावर बोट ठेवणाऱ्याने तपासणी केलेलीच नसते.

आणि चुऱ्याचं. हायप्रेशर पंप खरंच आतून खरवडला तर तो चुरा रेलमध्ये, नोझलमध्ये आणि रिटर्नच्या वाटेने टाकीतही जातो. मग टाकी उतरवून धुवावी लागते, लाईन साफ करावी लागते, नोझल बेंचवर तपासावे लागतात. नाहीतर तोच चुरा नव्या पंपाला खाणार. माझ्या गाडीला यातलं काहीच केलं नाही, फक्त पंप ‘बदलला’. चुरा दाखवून नुसता पंप बदलणारा माणूस एकतर चुऱ्याबद्दल खोटं बोलतोय, नाहीतर तुमचा नवा पंपही घालवतोय.

गाडी ताब्यात घेताना पंप काळाभोर चमकत होता. जुना पंप मागितला तर ‘तो कंपनीत जमा करावा लागतो’ असं उत्तर मिळालं. रिकंडिशन पंपाच्या व्यवहारात जुना जमा करून घेतात हे खरं आहे, पण मग त्याची वजावट बिलात दिसायला हवी. माझ्या बिलावर ‘फ्युएल पंप, नग 1’ एवढंच होतं. नंबर नाही, वॉरंटी नाही. वर एक सल्ला दिला, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, नवीन पंपाला डिझेल कमी पडायला नको. हा सल्ला काळजीपोटी वाटला होता. आता वाटतं, दुखणं कुठे आहे हे त्यांना चांगलं माहीत होतं. टाकी भरलेली ठेवली तोवर गाडी मस्त चालली. एकदा परतताना काटा खाली आला, आणि घाटात त्याच झटक्यांनी गाडी पुन्हा उभी.

मग आळेफाट्याच्या एका वयस्कर मेकॅनिककडे गेलो. त्यांनी आधी प्रश्न विचारले. भरलेली असताना बंद पडते का रिकामी? चढाला का सपाटीला? टाकीत किती डिझेल असतं? हातपंप दाबल्यावर कडक व्हायला वेळ लागतो का? उत्तरं ऐकून म्हणाले, ‘पंपाला हात लावायचा नाही आज.’

फिल्टरच्या पुढे पंपाकडे जाणारा रबरी पाईप काढून तिथे पारदर्शक पाईप लावला. टाकी अर्ध्याच्या खाली असताना इंजिन चालू केलं, तर पाईपमधून बुडबुड्यांची रांगच रांग. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा आला तर चालतो, पण सतत येत राहिला तर लाईन कुठेतरी हवा ओढतेय. मग त्यांनी टाकीकडचे पाईप सोडवून टाकीचा संबंधच तोडला. स्वच्छ डिझेलचा कॅन केबिनमागे हौद्यात घट्ट बांधला, सक्शन (डिझेल ओढणारा) आणि रिटर्न (परत सोडणारा) असे दोन्ही पाईप त्यात सोडले, आणि म्हणाले, चला घाटात. त्याच चढाला, त्याच गिअरमध्ये गाडी एकदाही अडखळली नाही. बुडबुडे बंद. सोबत स्कॅनरवर मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर हे दोन्ही आकडे चालत्या गाडीत बघत होतो. जोडीने वर जात होते, जोडीने खाली येत होते. ज्या पंपाच्या नावाने पैसे गेले तो पंप ठणठणीत होता.

मग टाकी उतरवून फ्लोटचा सेट, म्हणजे डिझेलची पातळी दाखवणारा फ्लोट आणि डिझेल ओढणारी नळी एकत्र असलेला भाग, बाहेर काढला. डिझेल ओढणारी लोखंडी नळी वरून ठीक दिसत होती. काकांनी तिचं खालचं तोंड अंगठ्याने दाबलं, नळी पाण्याच्या बादलीत धरली आणि वरून फुंकर मारायला सांगितलं. नळीच्या मधोमध, गंजाच्या तांबूस डागाखालून, केसाएवढ्या चिरेतून बुडबुडे यायला लागले. चीर डिझेलखाली असेल तोवर काही कळत नाही. पातळी उतरली, चढाला डिझेल मागे सरकलं, की चीर उघडी पडते आणि फुटक्या स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसं होतं: तोंडात रस कमी, हवा जास्त. नवीन सेटला मजुरी धरून 2,400 रुपये लागले. त्यानंतर टाकी तळाला गेली तरी गाडी बंद पडलेली नाही.

आता पंपाचं. त्याच्या अंगावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर नंबर कोरलेला असतो. पूर्वी इंजिनाचं काम निघालं तेव्हा माझ्या पुतण्याने पाईप आणि वायरी कुठे जातात ते लक्षात राहावं म्हणून मोबाईलवर फोटो काढून ठेवले होते. ते शोधले. फोटोतला नंबर आणि गाडीवरच्या ‘नव्या’ पंपाचा नंबर एकच निघाला. पट्टीच्या कोपऱ्यावरचा ओरखडासुद्धा तोच, फक्त त्यावर काळा रंग बसलेला. म्हणजे माझाच पंप पुसून, रंगवून मला विकला.

म्हणून काम द्यायच्या आधी पंपाच्या नंबरपट्टीचा फोटो काढा, आणि बिलावर नवीन पंपाचा नंबर लिहून घ्या. जुना भाग परत मागा. कॅन लावून गाडी चालवून दाखवा म्हणा; या तपासणीला एक कॅन, दोन पाईप आणि तासभर वेळ लागतो, आणि टाळाटाळ करणाऱ्याकडून किल्ली परत घ्या. नोझलवर संशय असेल तर चारही नोझलचे रिटर्न पाईप चार बाटल्यांत सोडून कुठली जास्त भरते ते बघतात. हे सगळं कमी प्रेशरच्या बाजूचं आहे. चालू इंजिनवर रेलकडे जाणारा स्टीलचा पाईप मात्र कधीही ढिला करू नका, कोणी कितीही सहज म्हणालं तरी. आयडलवरसुद्धा तिथे 250-300 बार प्रेशर असतं, आणि त्या धारेने डिझेल कातडीच्या आत घुसतं. बोट कापायची वेळ येऊ शकते.

गॅरेजवाल्याला फोटो दाखवले तेव्हा आधी आवाज चढला, मग ‘कामगाराकडून झालं असेल’ म्हणाला, पैसे काही दिले नाहीत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. गाडी धंद्याची आहे म्हणून तक्रार चालत नाही असं मला दोघा-तिघांनी सांगितलं होतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहकच धरला आहे, आणि दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर आयोगाची फीही लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. बिल, दोन्ही वेळचे फोटो आणि ती तडकलेली नळी जोडली आहे, मेकॅनिककाकांनी तपासणीचं लेखी दिलं आहे. तुमच्यापैकी कोणी अलीकडे पंप बदलून घेतला असेल आणि जुना फोटो सापडत असेल, तर आजच बॉनेट उघडून नंबर जुळवून बघा.