ट्रेटर्स गेट : नाव मोठं, आणि लक्षणही खोटं नाही

टॉवर ऑफ लंडनमध्ये शिरलेली बरीच माणसं थेट राजमुकुटांच्या रांगेकडे धावतात आणि ट्रेटर्स गेट, म्हणजे गद्दारांचा दरवाजा, जाता जाता एका फोटोत उरकतात. फोटोत दिसतं ते एवढंच : रुंद दगडी कमान, जाळीची अवजड लाकडी दारं आणि खाली खोलगट कुंड. मग ‘एवढंच होय?’ असं वाटणारच. दोष दरवाजाचा नाही, तो एकाच जागेवरून बघण्याचा आहे.

मुळात हा दरवाजा गद्दारांसाठी बांधलाच नव्हता. पहिल्या एडवर्डने १२७५ ते १२७९ दरम्यान सेंट थॉमस टॉवर उभारला तो स्वतःला राहायला. राजाची होडी थेमझ नदीतून थेट घराखाली लागावी, म्हणून ही कमान. ट्यूडर राजघराण्याच्या काळात याच वाटेने कैदी येऊ लागले आणि नाव बदललं. आठव्या हेन्रीची राणी ॲन बुलिन हिला १५३६ मध्ये इथूनच आत आणलं हे हमखास ऐकायला मिळेल, पण ती बायवर्ड टॉवरजवळच्या दाराने आली असं अभ्यासक मानतात. त्या गोष्टीचे गुण कापा.

पश्चिमेच्या मुख्य दाराने आत आलं, बायवर्ड टॉवर ओलांडला की वॉटर लेन लागते. सरळ चालत राहा. उजव्या हाताला कठड्याखाली ट्रेटर्स गेट, त्याच्या समोर ब्लडी टॉवर. बीफईटरची (टॉवरच्या पारंपरिक पहारेकऱ्याची) टूर तिकिटातच असते आणि ऐकण्यासारखी असते, पण घोळका कठड्याला चिकटला की मागच्यांना फक्त टोप्या दिसतात. घोळका पुढे सरकू द्या, मग पायऱ्या नीट बघा : होडीतून उतरलेला माणूस खालून वर चढायचा, तुम्ही वरून खाली बघताय. त्यानंतर सेंट थॉमस टॉवरमध्ये चढा. तिथे एडवर्डचं शयनगृह पुन्हा सजवलंय. वर राजाचा पलंग, खाली कैद्यांचा धक्का, हा मेळ तिथे गेल्यावरच कळतो. जिने अरुंद आहेत, बाबागाडी खालीच ठेवावी लागेल.

तिसऱ्या जागेसाठी आत जायलाच नको : नदीवरून जाणारी बोट. (बोटीचं भाडं वेगळं, टॉवरचं तिकीट नको.) धक्क्याच्या भिंतीत बुजवलेली कमान आणि वर ‘एंट्री टु द ट्रेटर्स गेट’ ही अक्षरं तिथूनच दिसतात. कुंडात एके काळी किल्ल्याच्या मधल्या व्हाइट टॉवरच्या गच्चीवर पाणी चढवणारं यंत्र होतं. पुढे त्यावर बंदुकीच्या नळ्या पोखरायचं कामही झालं आणि १८६० च्या दशकात ते काढून टाकलं. हे फारसं कुणी सांगत नाही, ही खरी हळहळ.

नावाचे वारस बरेच. एडगर वॉलेसच्या १९२७ च्या कादंबरीने हे नाव मुकुटरत्नांच्या चोरीला जोडलं. मात्र नावाला जागला तो १९९९ चा ‘ट्रेटर्स गेट’ हा कॉम्प्युटर गेम. रत्नांपर्यंत पोचायचं आणि हाताशी वेळ बारा तास, त्यामुळे बुरूज, जिने, दारं यांचा नकाशा डोक्यात बसवावाच लागतो. चित्रं आज जुनाट वाटतात, अंधारात वस्तू सापडत नाहीत, आणि घड्याळ चालू असताना चुकीच्या वाटेने गेलात तर वेळ गेलाच. तरी टॉवर बघायला जायच्या आधी खेळून घ्या. २००३ मध्ये आलेला पुढचा भाग बॅबिलोनकडे वळतो, लंडनसाठी त्याचा उपयोग नाही.