अल्टो के१० आणि स्कॉर्पिओ-एन : प्रश्न सतरा इंचांचा

गेली तीन वर्षे माझ्याकडे मारुती सुझुकीची अल्टो के१० आहे. मागच्या वर्षी धाकटा भाऊ कामानिमित्त परदेशी गेला आणि जाताना त्याची डिझेलची, मॅन्युअल गिअरची स्कॉर्पिओ-एन, "नुसती उभी ठेवलीस तर बॅटरी उतरेल, चालवत राहा" असे बजावून माझ्या हवाली करून गेला. आठ महिन्यांत मी ती सुमारे नऊ हजार किलोमीटर चालवली आणि त्याच काळात अल्टोही रोजच्या कामाला होतीच. किमतीचा विचार करता या दोन गाड्यांची तुलना कोणी करत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच रस्त्यांवर, त्याच माणसांना घेऊन, एक दिवस ही आणि दुसऱ्या दिवशी ती चालवली की ज्या गोष्टी लक्षात येतात त्या शोरूममधल्या अर्ध्या तासाच्या फेरीत लक्षात येत नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी मोजमाप सांगतो, कारण पुढचे बरेचसे त्यावरच अवलंबून आहे. अल्टो ३५३० मिलिमीटर लांब आणि १४९० मिलिमीटर रुंद आहे. स्कॉर्पिओ-एन ४६६२ मिलिमीटर लांब आणि १९१७ मिलिमीटर रुंद. लांबीतला फरक मीटरभराहून अधिक असल्याने पहिल्यांदा भीती त्याचीच वाटते; परंतु मागचा कॅमेरा आणि थोडा सराव यांच्या जोरावर त्याची सवय आठवडाभरात होते. रुंदीतला फरक ४२७ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम सतरा इंचांचा आहे, आणि त्याची सवय मला आठ महिन्यांतही झाली नाही.

आमची इमारत सदाशिव पेठेत आहे आणि ती बांधली गेली त्या काळी मध्यमवर्गीयाकडे स्कूटर असणे हीच मोठी गोष्ट होती. पुढे कधीतरी तळमजल्याच्या खांबांमधल्या जागा गाड्यांसाठी वाटून दिल्या गेल्या. माझ्या वाट्याच्या दोन खांबांमधले अंतर मी टेपने मोजले आहे : २ मीटर ३० सेंटिमीटर. अल्टो आत घातल्यावर दोन्ही बाजू मिळून ८१ सेंटिमीटर उरतात आणि माणूस सुखाने दार उघडून, हातातल्या भाजीच्या पिशवीसकट बाहेर पडतो. स्कॉर्पिओ आत घातल्यावर दोन्ही बाजू मिळून ३८ सेंटिमीटर उरतात. त्यासाठी आधी सगळ्यांना बाहेर उतरवायचे, आरसे मिटायचे, गाडी डाव्या खांबाला जवळजवळ चिकटवायची आणि मग चालकाने उजवे दार वीतभर उघडून, पोट आत ओढून, तिरके होत निसटायचे. माझे वय त्रेपन्न आहे. हा व्यायाम मी पंधरा दिवस केला आणि नंतर महिना भाडे ठरवून स्कॉर्पिओ एका परिचितांच्या मोकळ्या जागेत, घरापासून बारा मिनिटांच्या अंतरावर ठेवू लागलो. जी गाडी गाठायला आधी बारा मिनिटे चालावे लागते, ती दूध आणायला किंवा कुणाला स्टेशनवर सोडायला निघत नाही. शहरातला तिचा रोजचा वापर तिथेच संपला.

शहराबाहेर पडल्यावर मात्र पारडे असे काही फिरते की आदल्या दिवशीच्या सगळ्या तक्रारी विसराव्यात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सहाव्या गिअरमध्ये ताशी शंभरने जाताना स्कॉर्पिओत आपण शांतपणे गप्पा मारू शकतो. मागच्या सीटवरचा माणूस झोपतो. उंचावर बसल्यामुळे पुढच्या चार-पाच गाड्यांपलीकडचे ब्रेकचे दिवे दिसतात, त्यामुळे अचानक ब्रेक मारण्याची वेळ कमी येते आणि खांद्यांतला ताण उतरतो. अल्टोत हाच वेग म्हणजे काम असते. शेजारून कंटेनर गेला की वाऱ्याचा धक्का स्टिअरिंगमध्ये जाणवतो, इंजिनाचा आणि टायरचा आवाज मिसळून बोलणे ओरडून करावे लागते, आणि रात्री मागून येणाऱ्या उंच गाडीचे दिवे थेट आपल्या आरशात उतरतात. याच आरामाची एक बाजू मात्र धोक्याची आहे. स्कॉर्पिओत वेग कळत नाही. काटा ११५ वर गेल्याचे मला दोनदा बायकोने सांगितले, माझ्या कानांनी किंवा पाठीने नव्हे. अल्टोत अशी चूक होण्याची सोयच नाही. नव्वदनंतर गाडी स्वतःच जाणीव करून देते.

मे महिन्यात आम्ही ताम्हिणीतून माणगाव आणि पुढे मंडणगडमार्गे दापोलीजवळच्या गावी गेलो. घाटात अल्टोचे ६७ अश्वशक्तीचे इंजिन चार माणसे आणि वातानुकूलन यांच्या ओझ्याखाली दुसऱ्या गिअरमध्ये दमते आणि वळणावर पहिला टाकावा लागतो, हा आधीच्या वर्षांचा अनुभव होता. स्कॉर्पिओचे १७५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन चढ आहे याची दखलही घेत नाही. खड्ड्यांच्या बाबतीत तर तुलनाच नको : एका गाडीला तेरा इंची चाके, दुसरीला अठरा इंची. ज्या खड्ड्यापाशी अल्टो जवळजवळ थांबवून, एकेक चाक उतरवून काढावी लागते, त्यावरून स्कॉर्पिओ नुसती हलते. उतारावर मात्र सुमारे दोन टनांचे वजन आठवण करून देते, आणि ब्रेकवर विसंबून न राहता गिअर खाली ठेवण्याचा जुना नियम इथे अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो.

पण गाव जवळ आले तसा पेठेतला प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. डांबरी रस्ता सोडून आमच्या वाडीकडे वळले की दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे लागतात आणि त्यांच्यामधली वाट बैलगाडीच्या हिशेबाने सोडलेली आहे. अल्टो दरवर्षी अंगणात तुळशीवृंदावनापर्यंत जाते. स्कॉर्पिओ देवळाजवळ ठेवावी लागली आणि परतताना आंब्याच्या सहा पेट्या माणसांनी डोक्यावरून तिथवर आणल्या. त्यातही सात माणसे बसवायची म्हणून तिसरी रांग उभी ठेवली होती, आणि ती उभी असली की डिकीत सामानाला फारशी जागा उरत नाही. चार पेट्या टपावरच्या कॅरिअरवर बांधल्या आणि दोन पायांशी घेतल्या. मोठी गाडी घेणाऱ्याने "माणसे की सामान" हा प्रश्न खरेदीआधीच घरच्यांसमोर मांडावा.

इथे थोडे विषयांतर वाटेल असे लिहितो, पण गाडीच्या परीक्षणात ते यायला हवे. पुण्याच्या आसपास पांढऱ्या स्कॉर्पिओला एक निराळेच वजन आहे. ज्या ढाब्यावर अल्टोतून उतरताना मला "काका, गाडी जरा पुढं घ्या" असे ऐकवले जाते, तिथेच स्कॉर्पिओतून उतरल्यावर "लावा दादा, कुठंही" असे स्वागत झाले. रिक्षा बाजूला होतात, दुचाकीस्वार आरशात पाहून सरकतात. हे सुखावह आहे हे मी नाकारत नाही. त्रास एवढाच की तिसऱ्या महिन्यात मीही समोरच्या लहान गाडीला वरचे दिवे दाखवून वाट मागू लागलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी अल्टोत बसल्यावर तोच अपमान मला सहन करावा लागत होता.

पैशांचा हिशेब थोडक्यात सांगतो. शहरात अल्टोने मला लिटरला एकोणीसच्या आसपास आणि स्कॉर्पिओने साडेदहाच्या आसपास दिले. डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त असूनही किलोमीटरमागे साडेपाच रुपये विरुद्ध साडेआठ रुपये असा खर्च आला. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार तृतीय पक्ष विम्याचा वार्षिक हप्ता हजार सीसीपर्यंतच्या गाडीला २०९४ रुपये आणि पंधराशे सीसीवरील गाडीला ७८९७ रुपये आहे. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. लहान कोणाला म्हणायचे हे ठरवताना इंजिनाबरोबर चार मीटरची लांबी मोजली जाते, रुंदी नाही. आमच्या पेठेत कोणाला विचारले असते तर नियम वेगळा झाला असता. टोलनाक्यावर मात्र या दोन्ही गाड्या एकाच गटात मोडतात आणि सारखेच पैसे भरतात.

सुरक्षिततेबाबत मोठ्या गाडीची बाजू स्पष्टपणे वरचढ आहे. गाड्या आपटवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये पाच तारे मिळाले, तर अल्टो के१०ला २०२३ मध्ये दोन. त्यानंतर २०२५ मध्ये अल्टोत सहा एअरबॅग सरसकट आल्या. माझ्या गाडीत त्या नाहीत. वर्षातून दहा-बारा वेळा महामार्गावर कुटुंबाला घेऊन जाणाऱ्याने हा मुद्दा पार्किंगच्या आधी विचारात घ्यावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मात्र उंच बॉनेटपुढे अगदी जवळ उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही, हेही त्याच विचारात धरले पाहिजे. वाडीत गाडी हलवण्यापूर्वी मी प्रत्येक वेळी उतरून पुढे पाहून येत असे.

आईचे मत मी शेवटी विचारले, कारण तिचे गुडघे दुखतात आणि दोन्ही गाड्यांत ती मागे बसते. तिच्या लेखी दोन्ही नापास आहेत : स्कॉर्पिओत पायरीवर पाय देऊन, हँडल धरून चढावे लागते आणि अल्टोतून उठताना जमिनीवरून उठल्यासारखे वाटते. शेजाऱ्यांच्या वॅगन-आरमध्ये मात्र ती न वाकता, न चढता, खुर्चीवर बसावे तशी बसते. भाऊ परत येऊन त्याची गाडी घेऊन गेला त्या रविवारी मी वॅगन-आरची रुंदी पाहिली : १६२० मिलिमीटर. दोन खांबांमध्ये खडूने तेवढ्या अंतरावर दोन रेघा मारल्या, तर बाजूला ६८ सेंटिमीटर उरले. आई काठी टेकत खाली आली, रेघ आणि खांब यांच्यामधून एकदा पुढे आणि एकदा मागे चालून गेली आणि म्हणाली, "माझी काठी मावते."